घडणे, घडवणे आणि घडू देणे

गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या मांडवात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तिच्या कडेवर आता नातू होता. हात धरून ती म्हणाली, "बाई, तुमची मुलगी जपानला असते ना? काय घडवलीत हो तुम्ही मुलीला!" मी हसले. कौतुक कोणाला नको असते? पण त्याच क्षणी तिच्या चेहऱ्यावर किंचित अवघडलेपण आले. माझ्या मुलाची आठवण तिला झाली असावी. मग तिने पटकन जेवणाचा विषय काढला.

वाचकहो, आपला धर्मग्राम लहान आहे. इथे कोणाच्या घरात काय चालले आहे हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून लपवण्यात अर्थ नाही. मुलगी इंजिनियर होऊन तोकियोत नोकरी करते. मुलगा टेम्पो चालवतो, भाड्याच्या खोलीत एकटा राहतो आणि दारूशी त्याचे भांडण अजून मिटलेले नाही. काही महिने बरे जातात, मग पुन्हा तेच. (हे लिहू का असे मी त्याला विचारले. "लिही, लोकांना माहीतच आहे," असे तो म्हणाला.) दोन्ही मुले एकाच घरात वाढली, एकाच ताटातले जेवली. शिकवणारी आईही एकच, आणि तीही शाळेत एकतीस वर्षे दुसऱ्यांची मुले शिकवणारी. मुलीला मी घडवले असेल, तर मुलाला बिघडवले कोणी? आणि मुलगा स्वतःच बिघडला असेल, तर मुलीचे श्रेय मला कसे?

हा प्रश्न माझ्या मनात कित्येक वर्षे होता. त्याचे थोडेफार उत्तर मला मिळाले ते एका पाण्याच्या ट्रेसमोर. ती हकिकत सांगावी म्हणून हा लेखप्रपंच.

पाण्यावरची शाई

जपान म्हटले की आपल्या वसईकरांना पहिली आठवण येते ती संत गोन्सालो गार्सिया यांची. आपल्या मातीतला हा माणूस ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मरण पावला. मलाही लहानपणापासून जपान एवढाच माहीत होता. २०२३ च्या नोव्हेंबरात मुलीने आम्हा दोघांना तिच्याकडे बोलावले. ती राहते त्या निशिकासाई भागात भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, डाळ-तांदूळ-मसाले सगळे मिळते. पण लेक-जावई सकाळी कामावर गेले की दिवसभर करायचे काय? "आई, तू चित्रकला शिकवायचीस ना, मग हे शिक," म्हणून तिने माझे नाव एका सभागृहात भरणाऱ्या वर्गात घातले. दर शनिवारी सकाळी, असे एकूण सहा वर्ग. बाजूला दुभाषी म्हणून ती स्वतः.

त्या कलेचे नाव सुमिनागाशी. 'सुमी' म्हणजे काळी शाई आणि 'नागाशी' म्हणजे वाहवणे, वाहत सोडणे. पाण्यावर शाई सोडायची, तिची वर्तुळे होऊ द्यायची, आणि मग त्या पाण्यावर कागद टेकवून ती नक्षी अलगद उचलून घ्यायची.

आपल्याकडे जुन्या वह्या-खतावण्यांच्या पुठ्ठ्यावर ढगाळ नक्षीचा कागद असे, त्याला 'अबरी' म्हणत. अब्र म्हणजे फारसीत ढग. ती कला इराण, तुर्कस्तानातून दख्खनेत आली होती. सतराव्या शतकात आदिलशाही विजापुरातले चित्रकार अशा कागदातून चक्क चित्रे करीत. एक हडकुळा घोडा आणि त्याचा स्वार असे त्यातले एक चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पण जपानची सुमिनागाशी त्याहून फार जुनी. क्योतोच्या निशी होंगानजी या बौद्ध मंदिराकडे छत्तीस कवींच्या कवितांचा एक हस्तलिखित संग्रह आहे, साधारण १११२ सालचा. त्यातल्या काही पानांवर आधी अशी शाई उमटवलेली आहे आणि तिच्यावर अक्षरे लिहिलेली आहेत. एचिझेन प्रांतातले हिरोबा घराणे तर आपली परंपरा ११५१ पासूनची सांगते. त्यांचा मूळपुरुष ही कला हाती आल्यावर चांगल्या पाण्याच्या शोधात गावोगाव फिरला आणि अखेर एचिझेनला स्थिरावला, असे त्या घरात सांगतात. मला यातली एक गोष्ट लक्षात राहिली. हा माणूस कागदाच्या शोधात फिरला नाही, शाईच्याही नाही. तो पाण्याच्या शोधात फिरला.

तुर्कस्तानच्या पद्धतीत पाण्यात डिंकासारखा पदार्थ घालून ते दाट करतात. दाट पाण्यावर रंग जिथे ठेवावा तिथे राहतो. सुईने ओढून त्याची फुलेसुद्धा काढता येतात. सुमिनागाशीत मात्र पाणी साधे असते, आपण पितो तसे. साध्या पाण्यावर काहीच जागेवर राहत नाही. शेजारून कोणी चालत गेले तरी वर्तुळ हलते.

पहिले तीन शनिवार

आमच्या शिक्षिका सत्तरीच्या पुढच्या. त्यांना सगळे 'सेन्सेई' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत 'बाई'च. पहिल्या दिवशी त्यांनी कागदाला हातच लावू दिला नाही. आधी शाई उगाळायला बसवले. ही शाई तेलाच्या किंवा पाइनच्या लाकडाच्या काजळीत सरस मिसळून केलेली असते. तिची कांडी असते, आणि ती दगडावर थेंब थेंब पाणी घालून उगाळायची. आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी. मी शाळेच्या सवयीने भराभरा घासू लागले. सेन्सेईंनी माझा हात धरून थांबवला. घाईने घासले तर शाईचे कण जाडसर राहतात आणि जाड कण पाण्यात बुडतात, असे मुलीने भाषांतर करून सांगितले.

मग दोन कुंचले. एकात शाई, दुसऱ्यात पाण्याचा ताण मोडणारा पदार्थ. पूर्वी त्यासाठी पाइनचा चीक वापरत. काही जण काडी नुसती नाकाला किंवा केसांना लावत, तेवढे तेल पुरे. आता साबणासारखे द्रावण मिळते. शाईच्या कुंचल्याचे टोक पाण्याला नुसते टेकवायचे, की शाईची चकती पसरते. तिच्या मधोमध दुसरा कुंचला टेकवायचा, की मधे पारदर्शक चकती उघडते आणि शाईचे कडे होते. पुन्हा शाई, पुन्हा दुसरा कुंचला. असे वीस-तीस वेळा केले की झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी वलये तयार होतात. ती एकमेकांना ढकलतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. हे सगळे पाण्याच्या पृष्ठभागाच्या ताणामुळे होते. तेरादा तोराहिको (१८७८–१९३५) नावाच्या जपानी पदार्थवैज्ञानिकाने तर १९३० च्या दशकात पाण्यावरच्या या शाईच्या थरावर प्रयोगशाळेत संशोधन केले होते.

वलये झाली की हलकी फुंकर घालायची, किंवा नुसतेच थांबायचे. वलये वाकतात, लांबतात, त्यांना खाड्या आणि आखाते फुटतात. नक्षी मनासारखी वाटली की कागदाचे दोन कोपरे धरून आधी मधला भाग पाण्यावर टेकवायचा, मग दोन्ही बाजू सोडायच्या. मधे हवा राहिली तर तिथे पांढरा डाग पडतो. क्षणात शाई कागदाला चिकटते. कागद उचलला की झाले. त्यात बदल नाही, खाडाखोड नाही, आणि त्याच नक्षीची दुसरी प्रतही नाही.

वाचायला किती सोपे! पण पहिले दोन शनिवार माझे सर्व कागद वाया गेले. पहिल्यांदा शाई पसरेचना. कारण ट्रे धुताना साबणाचा अंश राहिला होता. पाणी आधीच 'बिघडलेले' होते, त्यात शाईचा काय दोष? दुसऱ्यांदा मी कुंचला टेकवण्याऐवजी दाबला आणि शाई तळाला गेली. तिसऱ्यांदा वलये सुरेख आली. मला त्यांचे पान करायचे होते, पिंपळाच्या पानासारखे टोक हवे होते. एक बाजू थोडी कमी वाकली म्हणून मी फुंकर घातली, मग दुसरीकडून घातली, मग जरा जोरात. सगळे फाटले. पाण्यावर नुसती राख विखुरल्यासारखे दिसू लागले.

सेन्सेई आल्या. मला वाटले, आता काहीतरी मोठे तत्त्वज्ञान सांगतील. त्या एवढेच म्हणाल्या, "पाणी बदला." मग रद्दी कागदाची पट्टी पाण्यावरून फिरवून उरलेली शाई टिपून कशी घ्यायची ते त्यांनी दाखवले. मी विचारले, "फुंकर किती जोरात घालायची?" त्यावर त्यांनी उलट प्रश्न केला, "घातलीच पाहिजे का?"

तिसरा शब्द

घरी येताना ट्रेनमध्ये मुलगी म्हणाली, "आई, जपानीत 'नागारेरु' म्हणजे वाहणे आणि 'नागासु' म्हणजे वाहवणे. नागाशी हे नागासुपासून." मी भाषेची शिक्षिका, लगेच मराठीत शोधू लागले. आपल्याकडेही तशाच जोड्या आहेत. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, घडणे-घडवणे. जे आपोआप होते ते घडते. जे आपण करतो ते घडवतो. मुलांच्या बाबतीत आपण हेच दोन शब्द वापरतो. चांगले झाले की "आम्ही घडवले". वाईट झाले की "काय घडले कळत नाही". बघा, किती सोयीचे व्याकरण आहे! श्रेय आले की क्रियापदाला कर्ता मिळतो आणि दोष आला की कर्ता वाक्यातून निघून जातो. माझ्यासारख्या काही आया नेमके याच्या उलट करतात. मुलगी "आपोआप" शिकली आणि मुलाला "मीच बिघडवले" असे म्हणून रात्र-रात्र जागतात. पण तेही तितकेच खोटे.

मराठीत एक तिसरा शब्द आहे, त्याच्याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. 'घडू देणे.' वाहू देणे, वाढू देणे, बोलू देणे, चुकू देणे. यात कर्ता आहे, पण तो क्रियेचा मालक नाही. यात काम आहे, पण निकालावर हुकूमत नाही. पाण्यावर शाई सोडणारा माणूस नेमका या तिसऱ्या जागी उभा असतो. ती नक्षी त्याने काढलेली नसते. पण तो तिथे नसता तर ती झालीही नसती.

मग जबाबदारी कोणाची?

इथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. 'घडू देणे' ही जबाबदारी टाळण्याची पळवाट तर नव्हे? "आपल्या हाती काय आहे? जे व्हायचे ते होते," असे म्हणणारे आईबाप आपण पाहतोच. मूल रात्री बारापर्यंत कुठे असते याची चौकशी न करणारे बाबाही म्हणतील, "आम्ही त्याला घडू देतो!"

हा प्रश्न विचारवंतांनाही सुटलेला नाही. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली असे मांडले की, चांगल्या इच्छेचे मोल तिच्या परिणामावर ठरत नाही. दैवाने साथ दिली नाही, काहीच साधले नाही, तरी त्या इच्छेची किंमत कमी होत नाही. ऐकायला दिलासा वाटतो. पण १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी त्यावर बोट ठेवले. नेगल यांचे म्हणणे साधारण असे: दोन ड्रायव्हर सारखेच निष्काळजी आहेत. एकाच्या वाटेत कोणी आले नाही, तो घरी जाऊन जेवला. दुसऱ्याच्या वाटेत एक मूल आले. निष्काळजीपणा सारखाच, पण जग दोघांना सारखे मानत नाही, आणि ते स्वतःही मानत नाहीत. दोघांत फरक केला तो दैवाने. मग दोष मोजायचा कशाने?

विल्यम्स यांनी त्याही पुढचे उदाहरण घेतले. समजा, लॉरीच्या ड्रायव्हरची काहीही चूक नव्हती, तरी त्याच्या गाडीखाली मूल सापडले. आपण त्याला समजावू की बाबा, तुझा दोष नाही. आणि ते खरेच आहे. पण तो लगेच "हो, माझा दोष नाही" म्हणून चहा प्यायला बसला, तर आपल्याला कसेसेच होईल. कारण दोष नसला तरी ते त्याच्या हातून झाले आहे. बघणाऱ्याला जे दुःख होते त्याहून त्याचे दुःख वेगळे असायला हवे, आणि ते वेगळे असण्यातच त्याची माणुसकी आहे.

हे समजल्यावर माझे कितीतरी वर्षांचे ओझे थोडे वेगळे झाले. हलके झाले असे मी म्हणणार नाही. मी आजवर एकच प्रश्न विचारत होते, "दोष माझा की नाही?" पण दोष आणि दुःख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा दोष जेवढा आहे तेवढा मी मोजून मान्य करायला हवा. आणि माझे दुःख, दोष नसलेल्या जागीसुद्धा, माझेच राहणार आहे. कारण तो माझा मुलगा आहे. दोष नाही असे सिद्ध झाल्याने कोणतीही आई मोकळी होत नाही, आणि होऊ नये.

जे माझ्या हाती होते

मग दोष मोजायचा कसा? सुमिनागाशीत मला त्याचे एक साधे माप मिळाले. नक्षी माझ्या हाती नाही, पण चार गोष्टी पूर्णपणे माझ्या हाती आहेत. पाणी स्वच्छ आहे का, शाई शांतपणे उगाळली आहे का, फुंकर किती घातली, आणि कागद केव्हा टेकवला. नक्षी बिघडली तर मी या चार गोष्टी तपासायच्या. त्यात चूक सापडली तर ती माझी. नाही सापडली तर पाणी बदलून पुन्हा बसायचे.

या मापाने मी माझ्या मुलाची गोष्ट तपासली. पाणी, म्हणजे घर, बऱ्यापैकी स्वच्छ होते. भांडणे नव्हती, व्यसन नव्हते, दोघांचाही पगार घरात येत होता. उगाळणे? तिथे मी घाई केली. शाळेतल्या साठ मुलांसाठी जो धीर माझ्याकडे होता, तो घरी येईपर्यंत संपलेला असे. आणि फुंकर? वाचकहो, इथे माझी मान खाली जाते. दहावीनंतर त्याला आयटीआयला जाऊन मोटार मेकॅनिक व्हायचे होते. लहानपणापासून तो सायकली खोलायचा, शेजाऱ्यांच्या स्कूटर दुरुस्त करायचा. पण शिक्षिकेचा मुलगा मेकॅनिक? स्टाफरूममध्ये काय सांगू? मी त्याला सायन्सला घातले. तो बारावीला दोनदा बसला, दोन्ही वेळा नापास. मी शिकवण्या लावल्या, ताईचे उदाहरण दिले, जेवताना बोलले, झोपताना बोलले. एका बाजूने फुंकर, मग दुसऱ्या बाजूने, मग जरा जोरात. त्या ट्रेमध्ये शाई फाटली तेव्हा मला रडू आले होते, आणि मुलीला वाटले की आई कागदासाठी रडते आहे.

हे माझे. हे मी मान्य करते. पण त्याच मापाने हेही दिसते की त्याची दारू मी ओतली नाही. कितीतरी मुलांना आईबापांनी नको त्या शाखेत घातले, ती सगळी काही दारूकडे वळली नाहीत. माझ्या मुलीलाही मी कमी बोलले नव्हते! तिच्यावर तीच फुंकर होती, पण तिची वलये वाकली आणि फाटली नाहीत. त्यात माझे कर्तृत्व नाही. म्हणून मांडवात कोणी "काय घडवलीत" म्हणाले, तर ते सगळे कौतुक ओटीत घेण्याचा मला हक्क नाही, आणि मुलाविषयीचे सगळे मौन डोक्यावर घेण्याचेही कारण नाही.

जिथे उपमा तुटते

पाचव्या शनिवारी आम्ही कापडावर काम केले. क्योतोत किमोनोचे अख्खे कापड, साधारण बारा मीटर लांबीचे, असे रंगवतात. आमच्या वाट्याला आला एक रेशमी हातरुमाल. कापडाचे काम कागदापेक्षा चिवट. आधी धुऊन त्याची खळ पूर्ण काढायची. आमचे रुमाल तुरटीच्या पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून ठेवले होते, म्हणजे रंग धरतो. पाणीही जरा दाट केलेले होते. सेन्सेईंनी सांगितले, रंग घ्यायला कापड तयार नसेल तर वर कितीही सुंदर नक्षी असो, पहिल्या धुण्यात जाते.

मी उत्साहाने मुलीला म्हटले, "बघ, मुलांचेही तसेच. आधी खळ काढली पाहिजे!" तिने हे सेन्सेईंना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "कापडाला कोणी विचारत नाही. मुलांना विचारता येते."

वर्ग संपला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. खरेच आहे. इथे माझी सगळी उपमा तुटते, आणि ती तुटली तेच बरे. पाणी निवड करत नाही, शाईला इच्छा नसते. मुलगा म्हणजे माझ्या ट्रेमधली शाई नव्हे. तोही स्वतःच्या ट्रेसमोर बसलेला माणूस आहे. त्याच्याही हाती चार गोष्टी आहेत आणि चारशे नाहीत. त्याचा दोषही त्याने त्याच मापाने मोजायचा आहे, आणि तो मी त्याच्यासाठी मोजू शकत नाही. "सगळा दोष माझा" असे मी इतकी वर्षे म्हणत होते ते वरवर नम्र वाटते. पण त्यात एक छुपा गर्व होता. जणू त्याच्या आयुष्यात कर्ता मी एकटीच, आणि तो नुसता कागद! सगळा दोष स्वतःकडे घेऊन मी त्याच्याकडून त्याचे माणूसपणच काढून घेत होते.

म्हणून 'घडू देणे' याचा अर्थ लक्ष न देणे असा नाही. उलट, त्यात लक्ष सर्वांत जास्त लागते. नुसते बघत बसायला हात घालण्यापेक्षा अधिक बळ लागते, हे ज्याने पाण्यावरचे वर्तुळ फुंकर न घालता पाहिले आहे त्याला कळेल. पण लक्ष देणे आणि मुठीत धरणे यात फरक आहे. आणि माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी कागदाच्या बाबतीत नाही. कागदाची नक्षी एकदाच उमटते. माणूस मात्र जिवंत असेपर्यंत पाणी बदलता येते.

रुमाल

परत आल्यावर मी तो रुमाल मुलाला दिला. त्याने उलटसुलट करून बघितला. विचारले, "हे तू काढलंस?" मी म्हटले, "अर्धं मी. अर्धं झालं." तो हसला. मग म्हणाला, "मधे डाग पडलाय." हवा राहिली होती, पांढरा डाग पडला होता. कोणाच्या लक्षात आला नव्हता, त्याच्या आला. मेकॅनिकची नजर!

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला म्हटले, "तुला आयटीआयला जाऊ द्यायला हवं होतं. ते माझं चुकलं." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सायन्स तुझं. बाकीचं माझं." एवढेच बोलून टेम्पोची किल्ली घेऊन गेला. त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे सांगता आले असते तर मला आवडले असते. तसे झालेले नाही. गेल्या पावसाळ्यात पुन्हा एकदा वाईट दिवस येऊन गेले. पण आता तो येतो तेव्हा आम्ही दोघे दोन माणसांसारखे बोलतो. मी त्याच्याशी पूर्वी वहीची चूक सुधारावी तसे बोलत असे, ते आता होत नाही. त्याच्या टेम्पोच्या इंजिनाबद्दल विचारते. तो समजावून सांगतो. बरेचसे मला कळत नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जण आईबाप आहेत, शिक्षक आहेत, कोणी धाकट्या भावंडांना वाढवले आहे, कोणी दुकानात हाताखाली पोरे ठेवली आहेत. या आठवड्यात एक संध्याकाळ काढून स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात, एवढीच विनंती. ज्याचे श्रेय मी घेतो आहे, त्यातले खरोखर माझे किती? ज्याचा दोष मी घेतो आहे किंवा दुसऱ्याला देतो आहे, त्यातले कोणाच्या हाती काय होते? आणि माझ्या घरात असा कोण आहे, ज्याच्यावर मी अजून फुंकर घालतो आहे आणि ज्याला अजून काही विचारलेलेच नाही?

आणि हो, पुढच्या वेळी कोणाच्या मुलाचे कौतुक करताना, त्याच घरातल्या दुसऱ्या मुलाचीही चौकशी करावी. विषय बदलू नये. त्या आईला बरे वाटते.